वजन केव्हा वाढवावे, किती वाढवावे?

पोलीस भरतीची तयारी करणारे विद्यार्थी मला नेहमी एक प्रश्न विचारतात, "काका, वर्षभर रोज शंभर जोर मारतो, पण छाती आणि दंड होते तेवढेच. असे का?" मी व्यायामाचा तज्ज्ञ नव्हे, कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तथापि या प्रश्नाने मलाही छळले होते. थोडे वाचले, थोडे अंगावर भोगले, तेच येथे मांडतो.

स्नायूवर सवयीपेक्षा थोडा अधिक भार पडला की शरीर तो पेलण्याच्या तयारीला लागते. स्नायूंच्या तंतूंत प्रथिनांची भर पडते व ते जाड होतात. मात्र तो भार अंगवळणी पडला की वाढण्याचे कारणच उरत नाही. गेल्या वर्षी जड जाणारे शंभर जोर आज नित्याचे झाले, म्हणून दंड आहे तेवढाच आहे. प्राचीन ग्रीक मल्ल मायलो रोज एक वासरू उचलीत असे व त्याचा बैल झाला तरी उचलीतच राहिला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट चांगली, पण आपली ताकद वाढेपर्यंत वासरू थांबत नाही, हे सांगणारा विसरतो!

या विचाराला शिस्त लावली अमेरिकन लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलके वजन पुष्कळ वेळा उचलावयास देत. डिलॉर्म यांनी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात उलट केले. दहाच वेळा उचलता येईल एवढे वजन शोधायचे, त्यावर व्यायाम द्यायचा आणि दर आठवड्याला ते नव्याने ठरवायचे. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

आज जिममध्ये आठ ते बारा असा पल्ला धरतात. तिन्ही सेटमध्ये बारा वेळा नीट उचलता आले, की पुढच्या वेळी बारच्या दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट चढवावी. आकडा आठ-नऊवर घसरेल, घसरू द्यावा. पुन्हा बारापर्यंत न्यावा. डंबेलचा मात्र घोटाळा आहे. चाळीस किलोवर अडीच किलो म्हणजे जेमतेम सहा टक्के. पाचच्या डंबेलवरून साडेसातवर जाणे म्हणजे एकदम पन्नास टक्के! तेथे आधी पाचच्याच डंबेलने वीस वेळांपर्यंत जावे.

मी तसे केले नाही. २०२२ साली शेजारच्या तरुणाच्या बरोबरीने वजन घेतले आणि खांदा दुखावला. दोन महिने शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी येई. माझे काय, मी खुर्चीत बसून काम करणारा. पण भरती तोंडावर आली की मुले हेच करतात आणि गोळाफेकीच्या दिवशी खांदा धरून बसतात. त्यांचे वर्ष जाते, आणि वयाची अट कोणासाठी थांबत नाही.

जिमची फी परवडत नसेल त्यांनी जोर मारताना पाय स्टुलावर ठेवावेत. तेही सोपे झाले की पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यावी. प्रत्येक सेटमधले शेवटचे दोन-तीन जोर जड गेलेच पाहिजेत. तारीख, वजन व आकडा वहीत लिहावा; खातेवहीशिवाय शिल्लक कळत नाही, हा आमच्या बँकेचा धडा येथेही लागू पडतो. एकाच स्नायूचा जड व्यायाम रोज करू नये, आठवड्यातून दोनदा पुरे. वाढ विश्रांतीत आणि जेवणात होते. शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, तर शंभर ग्रॅम सोयाबीन वड्यांत सुमारे पन्नास ग्रॅम असतात. पावडरीच्या महागड्या डब्यावाचून भागते.

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकला तर घाबरू नये. सांध्यात कळ आली, तर मात्र तो व्यायाम त्याच दिवशी थांबवावा आणि दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.