जुन्या घराचे स्वयंपाकघर व परसदार : अल्प खर्चातील सुधारणा

अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन स्वाभाविक भाग पाडले आहेत. हवा, पाणी आणि जमीन या तिन्ही बाबतींत हे भाग एकमेकांपासून भिन्न आहेत. तरीही मेहकर-चिखलीकडील असो वा नांदुरा-मलकापूरकडील असो, जुन्या गावठाणातील घराची ठेवण बरीचशी सारखी आढळते. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, सागाच्या किंवा निंबाच्या तुळया, त्यांवर किलच्या, वर मातीचे धाबे, पुढे ओसरी, सर्वांत मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून परसदार. अशा घरांत आजही अनेक कुटुंबे राहतात. उन्हाळ्यात घाटाखाली पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा या घरांचा मधला भाग पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या घरापेक्षा पुष्कळच थंड असतो.

असे असूनही ही घरे पाडण्याकडे कल वाढला आहे. त्याचे कारण विचारले असता बहुधा स्वयंपाकघराकडे बोट दाखविले जाते. तेथे उजेड नाही, धूर कोंडतो, भिंतींना ओल येते, कोपऱ्यात तडे गेले आहेत आणि मागच्या दारी चिखल आहे, अशा तक्रारी असतात. त्या खऱ्या आहेत. परंतु या तक्रारींवर योजलेला उपाय मात्र पुष्कळदा चुकतो. हाती थोडीफार रक्कम आली, की प्रथम चकचकीत फरशा आणि ओटा यांवर ती खर्च होते. दोन पावसाळ्यांनंतर त्याच फरशा निघू लागतात. कारण मूळ दोष होता पाणी व धूर बाहेर न जाण्याचा, आणि तो तसाच राहिलेला असतो.

काळी माती आणि मोरीचे पाणी

या जिल्ह्यातील बऱ्याच भागात काळी, चिकण जमीन आहे. ही माती पाणी पिऊन फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराच्या पायाखाली हीच क्रिया चालू असेल तर भिंत स्थिर राहणे कठीण. जुनी गावठाणे उंचवट्यावरील पांढरीत वसलेली असल्याने मूळ घराला हा उपद्रव कमी होतो, पण मागाहून वाढविलेली स्वयंपाकघरे व न्हाण्या बहुधा गावठाणाच्या कडेला, काळीत गेलेल्या असतात. मोरीचे पाणी भिंतीच्या बुडाशीच मुरते, तेथील माती बारमाही फुगलेली राहते आणि उरलेल्या पायाखालची माती मात्र ऋतूप्रमाणे खालीवर होते. स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात तिरपा तडा जातो, तो या विसंगतीने. तो सिमेंटने कितीही वेळा बुजविला तरी पुन्हा उघडतो. म्हणून स्वयंपाकघर आणि परसदार ही दोन कामे नसून एकच काम आहे, असे समजून प्रारंभ परसदारापासून करावा.

पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब घ्या. जलजीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. म्हणजे घरात रोज 275 लिटर पाणी येते व त्यातील सुमारे 200 लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळ घरात आला, पण पाण्याच्या निचऱ्याची सोय झाली नाही, तर पूर्वी विहिरीवर सांडणारे पाणी आता भिंतीशी सांडते, एवढाच फरक पडतो.

मोरीपासून किमान दहा फूट दूर जाईल अशी बंद नळी टाकावी व तिला दर पाच फुटांस एक इंच उतार द्यावा. नळीच्या तोंडाशी दीड फूट लांबी-रुंदीची एक लहान टाकी विटांत बांधावी. खरकटे व तेलकट साय तेथे अडते; ती दर पंधरवड्यास काढून टाकली नाही तर पुढचे सर्व काम व्यर्थ जाते. त्यापुढे शोषखड्डा. एक मीटर लांब, तेवढाच रुंद व खोल खड्डा घेऊन तळाशी मोठे दगड, मग मध्यम दगड, वर खडी, हा प्रकार सर्वांना परिचित आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी असे खड्डे करून गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली, तेव्हापासून त्याची राज्यभर चर्चा झाली. मात्र निव्वळ काळ्या मातीत एवढासा खड्डा लवकर तुंबतो. खाली मुरूम लागत असेल तर तेथपर्यंत खोल जावे. लागत नसेल तर सांडपाणी जमिनीत जिरविण्यापेक्षा झाडांना देणे अधिक शहाणपणाचे. रोजचे 200 लिटर पाणी 40 चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी जागेवर फिरविले तर तेथे दिवसाला 5 मिलिमीटर पाणी बसते. उन्हाळ्यात झाडे ते सहज पितात. पावसाळ्यापुरता शोषखड्डा लागतोच, आणि तो पिण्याच्या विहिरीपासून किमान 15 मीटर दूर हवा.

या पाण्यावर केळी, कर्दळ, अळू चांगली येतात. शेवगा, पपई व लिंबू ही खड्ड्याच्या कडेची ओल घेतात. कोथिंबीर, मेथी वा मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र ते देऊ नये. निंब, पिंपळ यांसारखे मोठे झाड भिंतीलगत लावणे घातक ठरते. त्याची मुळे पायाखालची ओल शोषून माती आकसवितात. गोठा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून असेल तर तो हलविणे हा या साऱ्या खटाटोपातील सर्वांत फायद्याचा खर्च होय. पाडलेल्या भिंतीच्या विटांतून शेणकाडीसाठी नाडेप टाके उभे राहते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखले जाणारे हे टाके 10 फूट लांब, 6 फूट रुंद व 3 फूट उंच असते, आणि त्याच्या भिंतीत हवेसाठी छिद्रे ठेवतात.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतील पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात हे सर्व जसेच्या तसे लागू पडत नाही. तेथील भूजल खारट, जमीन चोपण. साबणाच्या पाण्याने ती आणखी बिघडते; म्हणून कपडे धुण्याचे पाणी बागेत सोडूच नये. वाफे जमिनीपासून फूटभर उंच करून त्यात भरपूर कंपोस्ट घालावे व पालक, चाकवत, बीट यांसारखी खारटपणा सोसणारी पिके घ्यावीत. याच पट्ट्यात छपराच्या पाण्याला खरे मोल आहे. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी पडते. 20 चौरस मीटरच्या पडवीवर 25 मिलिमीटरच्या एका पावसात 500 लिटर पडेल, थोडे वाया गेले तरी 400 लिटर हाती लागेल. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी व पिण्यापूर्वी पाणी उकळावे.

धूर आणि उजेड

1 मे 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस अनेक घरांत पोहोचला, तरी चूल विझलेली नाही. अंघोळीचे पाणी, भाकरी, सणावाराचा मोठा स्वयंपाक यांसाठी तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या जळतातच. धुराने डोळे व छाती बिघडते ती प्रामुख्याने स्त्रियांची व त्यांच्या जवळ बसलेल्या लहान मुलांची. निर्धूर चुलीचा विचार आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून मगन चूल पुढे आली; हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांची चूल 1953 च्या सुमारास गाजली. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम 1983 मध्ये सुरू होऊन 2002 पर्यंत चालला. लाखो चुली बसल्या, पण पुष्कळशा धुरांडी काजळीने बंद पडल्यावर फोडण्यात आल्या. घरातील बाईला शिडीवाचून साफ करता येत नाही असे धुरांडे बसवू नये, हा त्यातील धडा आहे. नळीच्या बुडाशी काजळी काढण्यासाठी झाकणाचे तोंड ठेवले, की काम भागते. नळी चार इंची, छपरावर किमान दोन-तीन फूट उंच असावी आणि धाब्याच्या किलच्यांपासून अंतर राखून, भोवती पत्रा लावून न्यावी. लाकडाला नळी टेकली तर आगीचा धोका असतो.

धाब्यातील जुने सवणे बुजवून टाकण्याची प्रथा पडली आहे, ती अनाठायी होय. त्यावर चार विटांचा कठडा करून तिरपी काच बसविली व बाजू जाळीने उघड्या ठेवल्या, तर उजेड येतो आणि धूर जातो. खिडकी खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश असावी. 10 फूट बाय 12 फूट खोलीस 3 फूट बाय 4 फूट खिडकी पुरते. मातीच्या भिंतीत ती फोडताना वर आधीच लाकडी किंवा दगडी पाट सरकवावा व मगच खालची भिंत उतरवावी.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये. सिमेंट आतील ओल बाहेर पडू देत नाही. काही काळाने गिलावा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो व आतली माती भुसभुशीत झालेली आढळते. भुसा मिसळलेल्या मातीचा लेप व वर चुन्याचा हात हे स्वस्तही आहे आणि टिकाऊही. ओट्यामागील दोन फूट पट्टीपुरता चुन्याचा गिलावा घोटून गुळगुळीत करावा. ओटा कडाप्प्याचा, उंची सुमारे 32 इंच, पण करविण्यापूर्वी जी बाई तेथे उभी राहणार तिच्या कोपराची उंची पाहावी. गवंडी सहसा ते विचारीत नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच असावी. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून ओट्याखाली बाहेर जाणारा जाळीचा झरोका हवा, आणि पेटती चूल त्याच कोपऱ्यात नसावी.

सर्व कामे एकाच वर्षी उरकण्याची गरज नाही. रब्बी घरात आल्यापासून मृगापर्यंतचा काळ सोयीचा. पहिल्या उन्हाळ्यात नळी, शोषखड्डा व धाब्याची माती, दुसऱ्या वर्षी खिडकी, सवणे व धुरांडे, आणि ओटा-फरशी भिंती पूर्ण वाळल्यावर तिसऱ्या वर्षी, असा क्रम ठेवल्यास कर्ज काढण्याची वेळ सहसा येत नाही. नव्या घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर क्षेत्र ठरले आहे; जुने घर त्याहून पुष्कळदा मोठे असते, हेही पाडण्यापूर्वी मोजून पाहावे.

एक काम मात्र घरमालकाच्या हाती नाही. गल्लीत जुन्या रस्त्यावरच नवा सिमेंट थर टाकला जातो व दर वेळी रस्ता काही इंच वर येतो. जोत्याची उंची तेवढीच राहते. शेवटी पावसाचे पाणी ओसरीतून थेट स्वयंपाकघरात शिरते आणि वर सांगितलेला सारा खर्च वाया जातो. रस्त्याचे अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी ग्रामपंचायत सदस्यांनी त्या गल्लीतील सर्वांत खालच्या घराचे जोते मोजून घ्यावे, जुना थर खोदून काढण्याची बाब अंदाजपत्रकात घालावी व नव्या रस्त्याची पातळी त्या जोत्याच्या किमान एक फूट खाली राहील, असे अभियंत्याकडून लेखी घ्यावे.