पीजचे केंद्र आणि आपला प्रश्न

मुकुंदवाडीत केबल आले ते 1990 नंतर. एका खोलीत दोन व्हीसीआर, गच्चीवर छत्री आणि घराघरांवरून ओढलेली काळी वायर, एवढ्यावर आमचे ‘लोकल चॅनल’ चालत असे. रात्री पिक्चर, मध्ये दुकानांच्या जाहिराती, कुणाच्या मुंजीची, कुणाच्या लग्नाची कॅसेट. एका 14 एप्रिलला आम्ही पोरांनी वर्गणी काढून मिरवणुकीचे शूटिंग करून घेतले आणि कॅसेट केबलवाल्याकडे नेली. तो म्हणाला, “लग्नाचा दर लागेल, आणि रात्री अकरानंतरच लावीन.” आम्ही पैसे दिले. दिवसभर बांधकामावर राबलेल्या बायाही त्या रात्री जाग्या राहिल्या. पडद्यावर निळा झेंडा धरलेली माझी आई दिसली, तेव्हा ती पदराने तोंड झाकून हसली.

आम्ही दिसलो, पण विकत घेतलेल्या वेळेपुरते. काय दाखवायचे आणि केव्हा, हे ठरवणारा आमच्यातला नव्हता. हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर गुजरातमधील पीज या खेड्यातल्या छोट्या दूरदर्शन केंद्राचा इतिहास पाहिला पाहिजे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. तो शहरातला आणि ज्याच्या घरी संच आहे त्याचा कारभार होता. खेड्यांसाठी प्रयोग झाला तो ‘साइट’चा. 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर, नासाच्या एटीएस-6 या उपग्रहावरून, सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. कल्पना विक्रम साराभाईंची. ती तडीस नेणाऱ्यांत एकनाथ चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ पुढे होते. मात्र त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या पीज येथे एक किलोवॅटचे लहान प्रक्षेपक उभे राहिले. कार्यक्रम इस्रोचे अहमदाबादचे केंद्र तयार करी. सुमारे 400 गावांत सहाशेच्या आसपास सार्वजनिक संच बसवले होते. दूध सोसायटीच्या इमारतीत किंवा अशाच सार्वजनिक जागी संध्याकाळी माणसे जमत. संच एकाच्या माडीवर नाही, चारचौघांच्या जागेत, ही गोष्ट लहान नव्हे. ज्या देशात पाणवठासुद्धा सर्वांचा नव्हता, तेथे पडदा सर्वांचा करण्याचा तो प्रयत्न होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. या कार्यक्रमांत चरोतरची बोली होती आणि बोलणारी बरीच माणसे गावचीच होती. कॅमेरा गावात जाई. हुंडा, विधवाविवाह, अस्पृश्यता, शेतमजुरांची किमान मजुरी असे विषय येत. मजुराला मजुरीचा कायदा ऐकवला की त्याच्या मालकालाही तो ऐकावा लागतो. ही स्थानिक केंद्राची खरी ताकद. दिल्लीहून सांगितलेला उपदेश कोणालाच बोचत नाही. आपल्याच गावचा माणूस बोलू लागला की गावाला उत्तर द्यावे लागते.

मग झाले काय? 1982 च्या आशियाई खेळांनंतर देशभर लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहू लागले, पण त्यांचे काम मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पोचवणे एवढेच होते. मनोरे गावाजवळ आले, आवाज मात्र दूरचा. 1985 मध्ये पीजचे प्रक्षेपण थांबले. लोकांनी विरोध केला, तो चालला नाही. ग्रामीण संपर्काच्या कामासाठी युनेस्कोने गौरवलेल्या प्रकल्पाची ही गत! कारण उघड आहे. केंद्र लोकांसाठी होते, लोकांच्या मालकीचे नव्हते. वरून मिळालेले वरूनच काढून घेता येते.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. दुसऱ्यांची पत्रे आपले दुःख छापत नाहीत म्हणून त्यांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढले. छापखान्याचा प्रश्न आज पडद्याचा झाला, एवढाच फरक.

9 फेब्रुवारी 1995 रोजी न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. त्याच वर्षी केबलचा कायदाही झाला. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी झाली. त्यातूनच 2008 मध्ये, उमरग्याहून हैदराबादला जाताना लागणाऱ्या जहिराबादजवळ, ‘संघम रेडिओ’ उभा राहिला. शेतात राबणाऱ्या दलित स्त्रिया तो चालवू लागल्या. दूरचित्रवाणीला अशी वाट मिळाली नाही. नागपुरातून ‘लॉर्ड बुद्धा’, ‘आवाज इंडिया’ यांसारख्या वाहिन्या निघाल्या, त्या स्वतःच्या हिमतीवर.

आज मुकुंदवाडीतल्या पोरांच्या हातात मोबाइल आहे. मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण ती स्वतः करतात, लग्नाचा दर कोणी मागत नाही. त्याचा मला आनंद आहे. पण मनोरा अजून दुसऱ्याचाच आहे. तो आता दिल्लीत नसून कंपनीच्या घरात आहे, आणि कोणाचे चित्र किती जणांपुढे जाईल हे तीच ठरवते. म्हणून कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे : चित्रण करा, पण ते साठवा. एक प्रत वस्तीच्या वाचनालयात ठेवा आणि महिन्यातून एकदा समाजमंदिरात पडदा लावून सर्वांसमोर दाखवा. आमची ती कॅसेट केबलवाल्याने परत दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही. आई आता नाही. निळा झेंडा धरलेले तिचे तेवढे एकच चित्र होते.