पाण्यातील बाळंतपण : घरी करावयाचे तर

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक आईकडे येते. लेक इंग्लंडात असली म्हणजे हा क्रम उलटतो. आईच डिंकाचे लाडू आणि आळीव बांधून घेऊन विमानात बसते. तेथे पोहोचल्यावर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घडी करून ठेवलेला, फुगवावयाचा प्लॅस्टिकचा हौद तिच्या दृष्टीस पडतो आणि लेक सांगते, "आई, मी घरीच बाळंत होणार आहे, आणि तीही पाण्यात." आईची छाती दडपली तर त्यात नवल नाही. हा बेत म्हणजे नेमके काय, त्यात शास्त्र किती व हौस किती, आणि तो करावयाचाच तर कशाकशाची तजवीज करावी लागते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

इतिहास फार लांबवीत नाही. फ्रान्समधील पितिविये गावच्या रुग्णालयात मिशेल ओदाँ या डॉक्टरांनी कळांचा त्रास कमी व्हावा म्हणून ऊन पाण्याचा हौद ठेविला. काही बायकांना त्यातून वेळेत बाहेर येववले नाही, काहींना यावेसेच वाटले नाही, आणि मुले पाण्यातच जन्मली. अशा शंभर बाळंतपणांचा वृत्तांत त्यांनी 1983 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे 1993 च्या 'चेंजिंग चाइल्डबर्थ' या सरकारी अहवालाने प्रसूती कोठे व कशी व्हावी याविषयी बाईच्या पसंतीला ब्रिटनमध्ये मोठे वजन दिले. तेव्हापासून हौद हा तेथील सुइणींच्या नेहमीच्या साधनांपैकी एक झाला. सुईण म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे गावातली अनुभवी म्हातारी येते. तेथील सुईण विद्यापीठात शिकलेली, नोंदणी झालेली, औषधे व प्राणवायू जवळ बाळगणारी असते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पाणी करते तरी काय? अंग पाण्यात तरंगते म्हणून पोटाचा व कंबरेचा भार हलका होतो, बाईला हवे तसे वळता, उकिडवे बसता, गुडघ्यांवर टेकता येते. उबेने स्नायू सैलावतात, भीती ओसरते. कळा नाहीशा होत नाहीत, सोसवतात. निरनिराळ्या प्रयोगांचा एकत्र आढावा 2018 साली घेतला गेला, त्यात कळांच्या पहिल्या अवस्थेत पाण्यात बसणाऱ्या बायकांना पाठीच्या कण्यातून द्यावयाच्या भुलेची गरज काहीशी कमी लागली असे दिसले. कळा नीट सुरू होण्यापूर्वीच हौदात उतरल्यास त्या मंदावतात, असाही सुइणींचा अनुभव आहे.

ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती ही, की मूल बुडणार नाही का? गर्भात मुलाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू नाळेतून मिळतो. मूल पाण्यातून पाण्यात येते तेव्हा पहिला श्वास घेण्यास लागणारी चेतना, म्हणजे तोंडावर लागणारा वारा व गारवा, त्याला मिळालेली नसते. त्यास सावकाश पण विनाविलंब वर आणावयाचे असते. मात्र दोन पथ्ये आहेत. डोके बाहेर येताना बाई उठली आणि मुलाच्या तोंडाला हवा लागली, तर पुन्हा पाण्यात बसावयाचे नाही. आणि पोटातच प्राणवायू कमी पडलेले मूल पाण्याखालीही आचके देऊ शकते, म्हणून हृदयाचे ठोके जराही बिघडलेले आढळले की बाईने बाहेर आलेच पाहिजे. यासाठी सुईण पहिल्या अवस्थेत दर पंधरा मिनिटांनी व जोर करण्याच्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, पाण्यात चालणाऱ्या यंत्राने ठोके ऐकते.

इंग्लंड व वेल्समधील 2015 ते 2022 या काळातील नोंदी तपासून 2024 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणतीही जोखीम नसलेल्या, हौद वापरलेल्या सुमारे साठ हजार बायका त्यात होत्या. पाण्यातच प्रसूत झालेल्यांना गंभीर इजा अधिक झाल्या नाहीत, मुलांनाही अधिक अपाय झाला नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण मात्र हजारी तीनच्या जागी दहा आढळले. मुलाला घाईने वर ओढले की नाळेला ताण बसतो, तेव्हा हात हळू चालवावा आणि नाळेचा चिमटा हाताशी असावा. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2016 साली याहून सावध मत दिले होते : कळा पाण्यात सोसाव्यात, जन्म जमिनीवर व्हावा.

येथवर झाली ती पाण्याची गोष्ट. घराची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. लोक या दोहोंची गल्लत करतात. आई हौदाला भिते, पण तिने विचारावयास हवे ते अंतराविषयी. इंग्लंडमधील चौसष्ट हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. दुसरेपणाच्या किंवा पुढच्या बाळंतपणात, प्रकृती निर्वेध असेल तर, घर व रुग्णालय यांत मुलाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र मुलाला गंभीर अपाय होण्याचे प्रमाण रुग्णालयात हजारी 5.3, तर घरी बेत केलेल्यांत 9.3 निघाले. शिवाय घरी सुरुवात केलेल्या शंभर पहिलटकरणींपैकी पंचेचाळीस जणींना अखेर रुग्णालयात न्यावे लागले. पुढच्या खेपेच्या बायकांत हा आकडा बारा होता. दुसऱ्या बाजूस, घरी बेत केलेल्यांत पोट फाडण्याची व इतर शस्त्रक्रियांची वेळ पुष्कळच कमी आली. एकूण धोका दोन्हीकडे थोडा आहे हे खरे, पण ज्या पहिल्या खेपेला आपली लेक आईचे घर धरते, तीच खेप घरासाठी सर्वांत कमी सोयीची, हे या आकड्यांवरून उघड होते. लेकीशी बोलताना आईने हट्ट धरण्यापेक्षा हे आकडे पुढे ठेवावेत. तिच्या सुइणीनेही ते तिला सांगितलेले असतात.

जुळी, पायाळू मूल, सदतीस आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या कळा, वाढलेला रक्तदाब, अंगावरून रक्त जाणे, आकडीचा विकार, यांपैकी काही असल्यास घरच्या हौदाचा विचारच सोडावा.

महाराष्ट्रात हा बेत घरी करावा काय? माझे उत्तर नाही असे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत येथील सुमारे पंचाण्णव टक्के बाळंतपणे दवाखान्यांतून झाली, आणि ही फार कष्टाने मिळविलेली गोष्ट आहे. घरी येणाऱ्या प्रशिक्षित सुइणींची व्यवस्था, त्यांच्या पाठीशी उभे असलेले रुग्णालय आणि दोहोंना जोडणारा मोकळा रस्ता, ही तिन्ही जेथे नाहीत तेथे नुसता हौद आणून इंग्लंड येत नाही. केंद्र सरकारने असे शिक्षण घेतलेल्या सुइणी तयार करण्याचे धोरण 2018 साली आखले, पण त्यांचे क्षेत्र रुग्णालय हे आहे. शिवाय गच्चीवरच्या टाकीतले पाणी कोणत्या भरवशावर वापरावयाचे?

आता तजविजीकडे वळू. हौदात साधारण सहाशे लिटर पाणी मावते असे धरू. म्हणजे सहाशे किलो वजन, आठ-नऊ धडधाकट माणसे एका चटईवर उभी राहावीत इतके. तळमजला असेल तर चिंता नाही. वरच्या लाकडी तक्तपोशीवर ठेवावयाचा असल्यास बांधकामातील जाणत्याला विचारावे आणि भिंतीलगत ठेवावा. पाण्याचा हिशेबही आधी करावा. नळाचे पाणी दहा अंशांचे व बंबातले साठ अंशांचे असेल, तर सदतीस अंशांचे सहाशे लिटर होण्यास सव्वातीनशे लिटर कढत पाणी लागते. घरचा बंब दोनशे लिटरचा असला तर एका दमात हौद भरत नाही. म्हणून एकदा रिकाम्या दिवशी हौद फुगवून, भरून, घड्याळ लावून पाहावे. नळाला नळी बसते की नाही हेही तेव्हाच कळते. ऐन रात्री नळीचे तोंड जुळत नाही म्हणून जावयाने धावपळ करण्यात अर्थ नाही.

एक दिवस आधी भरून ऊन ठेवला तर काम सोपे होईल, असे कोणालाही वाटेल. ते कदापि करू नये. कोमट, साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. आधीच भरून यंत्राने तापत ठेवलेल्या अशा हौदात घरी जन्मलेले एक मूल 2014 साली इंग्लंडमध्ये त्यामुळे अत्यवस्थ झाले आणि सरकारने तसे हौद न वापरण्याची सूचना काढली. कळा सुरू झाल्यावरच भरावयाचे, नवी स्वच्छ नळी वापरावयाची, आणि पहिले काही पाणी वाहून जाऊ द्यावयाचे.

पाणी किती ऊन असावे? बाईला बरे वाटेल इतके, पण साडेसदतीस अंशांच्या वर कधीही नाही. पोटातले मूल आईपेक्षा किंचित अधिक उष्ण असते आणि आपली उष्णता आईच्याच रक्ताला देऊन थंड राहते. आई तापली की त्याला वाट उरत नाही, त्याचे हृदय धडधडू लागते. दर तासाला आईचे व पाण्याचे तापमान मोजावे. आपल्याकडील शेकशेगडीची सवय असलेल्या आजीने कढत पाण्याची आणखी एक बादली ओतण्याचा मोह येथे आवरावा. तिने वरचेवर प्यावयास पाणी द्यावे.

बाहेर कसे यावयाचे, हे आत जाण्यापूर्वी ठरवावे. रक्त फार गेले, खांदे अडले, बाईला भोवळ आली, तर क्षणांचा प्रश्न असतो. म्हणून हौदाभोवती तिन्ही बाजूंनी मोकळी जागा, पायाखाली न घसरणारे जाजम, शेजारी अंथरलेली गादी आणि उचलावयास दोन माणसे हवीत. गुंगीचे इंजेक्शन दिले असेल तर दोन तास पाण्यात जाऊ देत नाहीत. गाडीचा रस्ता, रुग्णालयाचे अंतर, दाराशी रुग्णवाहिका उभी राहते की नाही, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. त्या रात्री सुइणी दुसरीकडे गुंतल्या असल्या तर काय, हेही आधीच विचारून ठेवावे. सुईण आली नाही, तर रुग्णालयात जावयाचे.

मूल वर आले की त्याचे तोंड पाण्याबाहेर व अंग आईच्या छातीशी उबेत राहते. ओले मूल फार लवकर गारठते, यासाठी शेकलेले टॉवेल चांगले सहा-सात असावेत. हे काम आजीचे. वार पडण्यापूर्वी बहुतेक सुइणी बाईला बाहेर घेतात, कारण पाण्यात मिसळलेले रक्त किती हे अजमावता येत नाही. पडलेली वार पूर्ण आली की नाही हे सुईण तपासते. हौदाचे पाणी लहान पंपाने संडासात सोडावयाचे, स्वयंपाकघराच्या मोरीत नव्हे. आतील अस्तर एकाच वेळेपुरते असते, ते गुंडाळून टाकून द्यावयाचे.