चितेला आठ मण लाकूड का लागतं?

आजचा विषय जरा जड आहे. हेडफोन लावूनच ऐका, नाहीतर आई म्हणेल, "असलं अभद्र काय ऐकतोस?"

गेल्या पावसाळ्यात एका मयतीला गेलो होतो. लाकडं ओली, चिता पेटेना. शेवटी कुणीतरी डिझेल आणलं. एवढा धूर झाला, की डोळे रडून लाल झालेत की धुरानं, ते कळेना. तेव्हाच हा प्रश्न डोक्यात बसला.

उघड्या चितेला साधारण 300 किलो लाकूड लागतं. जुन्या हिशोबानं आठ मण. आता गणित करू. 60 किलोच्या शरीरात सुमारे 36 लिटर पाणी असतं. त्याची वाफ करायला अंदाजे 92 मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो सुकं लाकूड साधारण 15 मेगाज्यूल देतं. म्हणजे कागदावर सहा-सात किलो लाकडात सगळं पाणी उडायला हवं! मग बाकीचं जातं कुठे? बरंचसं हवा तापवण्यात. चितेला ना भिंत, ना झाकण. त्यात लाकूड ओलं असेल तर ते आधी स्वतःच वाळत बसतं, म्हणून धूर जास्त.

मग विद्युतदाहिनी? ती बंदिस्त असते, उष्णता वाया कमी जाते. पण ती आधी तापवावी लागते. दिवसात एकच मयत आली, तर तेवढ्यासाठी अख्खी भट्टी तापवायची. आणि वीज येते कुठून? आपल्याकडे भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जळतो, तर धुळे जिल्ह्यात साक्रीकडे सोलर प्रकल्प आहे. वीज कोळशाची असेल, तर धूर फक्त गाव बदलतो.

दफनाचं काय? मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत, गोसावी, महानुभाव अशा अनेकांकडे पुरण्याची रीत आहे. लहान लेकरांना तर बऱ्याच हिंदू घरांतही पुरतात. नुसत्या कफनात, थेट मातीत दफन केलं तर इंधन जवळपास शून्य. अमेरिकेत मात्र मृतदेहात फॉर्मल्डिहाइड भरतात, वर धातूची पेटी आणि काँक्रीटचा कप्पा. म्हणजे दफन म्हटलं की सगळीकडे हिशोब एकच, असं नाही. आपल्याकडे अडचण दोन गोष्टींची, जागेची आणि पाण्याची. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या भूजलाच्या वर हवा आणि जवळ पिण्याची विहीर नको. नदीकाठच्या गावांनी हे आवर्जून बघावं.

आता आपल्या खान्देशाची गंमत. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून आपण बांधावर पेटवून देतो. आणि स्मशानासाठी झाडं तोडतो! नागपुरात शेतातला काडीकचरा दाबून ठोकळे बनवतात. त्याला 'मोक्षकाष्ठ' म्हणतात आणि तिथल्या घाटांवर ते चितेला वापरतात. ठोकळे सुके आणि घट्ट असतात, झाड तोडावं लागत नाही. अग्नी तोच, मंत्र तेच, विधीला धक्का नाही. पऱ्हाट्या तर जळगाव-धुळ्यात ढिगानं आहेत.

फक्त हा निर्णय मयतीच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. जे समोर मिळेल ते घेतलं जातं. म्हणून दोन कामं करा. पुढच्या ग्रामसभेत विचारा, स्मशानात लाकडांवर शेड आहे का आणि ठोकळे आणता येतील का. आणि घरी आजी-आजोबा निवांत असतील तेव्हा त्यांची इच्छा विचारा. मी आजीला घाबरत घाबरत विचारलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी झाड नको तोडू रे. राख मात्र शेतातच टाक."

आपण घाबरतो, पण त्यांनी विचार आधीच करून ठेवलेला असतो. भेटू पुढच्या भागात!