महाराजाचं कर्ज, आपलं रिचार्ज

अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पाठ आहे : एअर इंडिया कोणत्या उद्योगसमूहाने विकत घेतली? टाटा. एक मार्क, पुढचा प्रश्न.

जरा थांबा. त्या एका मार्कामागे आपल्या खिशाचा हिशेब आहे. आपल्या म्हणजे बीडकरांच्याच. जिल्ह्यात विमानतळ नाही. बीड शहरात रेल्वे यायलाच १७ सप्टेंबर २०२५ उजाडला. आपल्यातल्या बहुतेकांनी विमान पाहिलंय ते गच्चीवरून. तरी या कंपनीचं कर्ज आपल्याही डोक्यावर आलं.

सुरुवात मात्र भारी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकटेच उडाले आणि मुंबईत जुहूला उतरले. तिथली धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची माती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची, मग मुक्काम पुण्याला हलायचा. १९४६ मध्ये मिशीवाला महाराजा आला. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण अध्यक्ष जेआरडीच राहिले, थेट १९७८ पर्यंत. ‘सरकारी झाली म्हणून बुडाली’ असं म्हणणाऱ्यांनी हे पाहावं, की १९६० मध्ये तिच्या ताफ्यात बोइंग ७०७ जेट दाखल झाली होती. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा अडकलेल्या एक लाखाहून जास्त भारतीयांना याच कंपनीने घरी आणलं.

मग बिघडलं कुठे? २००५-०६ मध्ये परदेशात उडणारी एअर इंडिया आणि देशात उडणारी इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी मिळून १११ नवी विमानं मागवली गेली, तीही कर्ज काढून. पुढे २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. कागदावर एक कंपनी, आत दोन संसार. एकाच कंपनीतल्या वैमानिकांना पगार वेगळे, बढतीचे नियम वेगळे. २०११ मध्ये पगारावरून संप झाला. २०१२ मध्ये ड्रीमलायनरचं प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून तब्बल ५८ दिवसांचा. तोवर खासगी कंपन्यांनी स्वस्त तिकिटं काढून प्रवासी पळवले होते.

तोटा सरकार भरत राहिलं. २००९-१० नंतर नुसते रोख ५४ हजार कोटींहून जास्त ओतले. २०१८ मध्ये विकायला काढली, तर एकही बोली आली नाही. अखेर २०२१ मध्ये टाटांची १८ हजार कोटींची बोली मान्य झाली. तेव्हा एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी. टाटांनी त्यातलं १५,३०० कोटी उचललं आणि २,७०० कोटी रोख दिले. उरलेलं ४६,२६२ कोटींचं कर्ज सरकारच्याच एका कंपनीकडे गेलं. म्हणजे गाडी विकली, पण बहुतेक हप्ते आपल्याकडेच.

‘आपण कुठे टॅक्स भरतो?’ असं म्हणू नका. मोबाईलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी जातो. एसटीही तोट्यात असते, मान्य. पण ती निदान आपल्या फाट्यावर थांबते. माझ्या मते विकणं बरोबरच होतं, फक्त दहा वर्षं उशिरा.

एक गोष्ट मात्र टाटांकडे गेली नाही : नरिमन पॉइंटची समुद्रासमोरची २३ मजली एअर इंडिया इमारत. ती राज्य सरकारला १,६०१ कोटींना द्यायला केंद्राने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली, मंत्रालयाजवळ सरकारी कार्यालयांसाठी. म्हणजे तो एक मार्क मिळून तुम्ही पास झालात, तर तुमचं टेबल कदाचित तिथेच लागेल. समुद्राकडची खिडकी मागून घ्या. पैसे आपणच भरलेत.