अभंग देहाची तपासणी

उत्तर पॅसिफिक महासागरातील एम्परर या जलमग्न पर्वतश्रेणीच्या उतारावरून, सुमारे चार हजार मीटर खोलीवरचे खडक ओढून आणण्यासाठी ‘झोने’ या जर्मन संशोधननौकेने २०१६ मध्ये जी साखळ्यांची जाळी सोडली होती, तिच्यात अनपेक्षितपणे एक नर अष्टपाद वर आला. धडाच्या दोन्ही अंगांना कानांसारखे पर असलेल्या ज्या खोल समुद्रातील जीवांना ‘डम्बो’ म्हणतात, त्यांपैकीच तो होता.

गाय रॉबसन यांनी १९३२ मध्ये या जीवांसाठी ग्रिम्पोट्यूथिस ही प्रजाती प्रस्थापित केली खरी. परंतु तिच्यातील जातींचा निवाडा पुढेही अवघडच राहिला. याला त्या देहाची प्रकृतीच कारण आहे: हे जलमय, लिबलिबीत शरीर जाळ्यात फाटते, फॉर्मॅलिनात व मद्यार्कात आकसते, आणि परांना आधार देणारे अंतःकवच, कल्ल्यांची घडण, ही ज्यांची साक्ष काढावयाची ती लक्षणे आतच दडलेली असतात. ती पाहावयाची तर सुरी चालवावी लागे. आणि नमुना एकुलता एक असला, तर ही तपासणी मूळ दस्तऐवज फाडून नक्कल घेण्यासारखीच होई.

बॉन विद्यापीठातील अलेक्झांडर झीगलर आणि क्रिस्टिना सागोर्नी यांनी ‘झोने’वर आलेल्या त्या नमुन्यातून जनुकीय परीक्षेपुरता ऊतकाचा अल्प अंश काढून घेतला, आणि उरलेले शरीर न चिरता चुंबकीय क्षेत्राच्या व क्ष-किरणांच्या साह्याने अंतर्बाह्य पाहिले. त्यांनी सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या छेदप्रतिमा पडद्यावर एकामागून एक सरकवीत असताना मला या कामातील धीराची खरी कल्पना आली. कवच म्हणून जे ओळखावयाचे, ते एका छेदात दोन अलग ठिपक्यांएवढेच दिसते. पुढे सरकावे तसे ते ठिपके परस्परांकडे येतात, मध्ये जुळतात, आणि कोणत्याही एका चित्रात नसलेली नालाकृती पाहणाऱ्याच्या मनात हळूहळू सिद्ध होते. घाईने सरकवावे तर ती हाती लागत नाही. पुन्हा मागे यावे लागते.

ग्रिम्पोट्यूथिस इम्पेरेटर या नावाने ही जाती २०२१ मध्ये जाहीर झाली, आणि तिचा मूळ नमुना बर्लिनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात दाखल आहे. उद्या कोणा अभ्यासकाला या निर्णयाविषयी शंका आली, तर दुसऱ्याच्या वर्णनाच्या हवाल्यावर विसंबण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. जुन्या संग्रहांत काचपात्रांत जपलेले असे जे दुर्मीळ अष्टपाद अद्याप शस्त्रापासून वाचले आहेत, त्यांचीही तपासणी प्रथम याच रीतीने व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.