विश्लेषण : फाशी की जन्मठेप? खैरलांजीच्या निकालाने काय शिकवले?

करडी (जि. भंडारा) : खून झाला की गावात पहिली मागणी होते ती 'फाशी द्या' अशी. खालच्या न्यायालयाने फाशी दिली तर समाधान व्यक्त होते आणि वरच्या न्यायालयाने तीच शिक्षा जन्मठेपेत बदलली तर 'आरोपी सुटले' अशी भावना पसरते. मोहाडी तालुक्याने हे दोन्ही अनुभव घेतले आहेत. याच तालुक्यातील खैरलांजीच्या हत्याकांडात फाशी सुनावली गेली आणि रद्दही झाली. हे का घडते? जन्मठेप म्हणजे १४ वर्षे हा समज खरा आहे का?

खैरलांजीत काय घडले?

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने निर्घृण हत्या केली. कुटुंबप्रमुख भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले. त्याआधीच्या एका मारहाण प्रकरणात मायलेकींनी साक्ष दिली होती. त्या प्रकरणातील आरोपी जामिनावर सुटताच हा प्रकार घडला. राज्यभर संतापाची लाट उसळली आणि तपास सीबीआयकडे गेला.

भंडारा येथील न्यायालयात ११ जणांवर खटला चालला. सप्टेंबर २००८ मध्ये आठ जण दोषी ठरले, तिघे निर्दोष सुटले. दोषींपैकी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. मात्र अॅट्रॉसिटी कायद्याखालील आरोप न्यायालयाने मान्य केले नाहीत.

उच्च न्यायालयाने फाशी का रद्द केली?

सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यामुळे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले. १४ जुलै २०१० रोजी खंडपीठाने सहाही जणांची फाशी रद्द करून आठही दोषींना २५ वर्षांचा कारावास ठोठावला. गुन्हा सूडाच्या भावनेतून घडला, तो 'दुर्मिळातील दुर्मिळ' वर्गात बसत नाही, असे खंडपीठाचे मत होते.

हा निकाल आंबेडकरी चळवळीला पटला नाही. चार जणांना मारणारा जमाव केवळ सूडाने पेटला होता, त्यात जातीचा काहीच भाग नव्हता, हे मान्य कसे करायचे, असा सवाल विचारला गेला. शिक्षा किती झाली याइतकाच, गुन्ह्याला नाव कोणते दिले गेले हाही वादाचा मुद्दा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी भैयालाल भोतमांगे यांचे नागपुरात निधन झाले.

'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे काय?

पूर्वी खुनासाठी फाशी हाच नियम होता. फाशी न देता जन्मठेप द्यायची तर न्यायाधीशांना त्याची कारणे लिहावी लागत. १९५५ मध्ये ही अट गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर गणित उलटेच केले. तेव्हापासून जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद झाला आणि फाशी देण्यासाठी 'विशेष कारणे' नोंदवणे बंधनकारक ठरले.

१९८० मध्ये बच्चन सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी फाशी घटनात्मक ठरवली. पण ती फक्त दुर्मिळातील दुर्मिळ प्रकरणात आणि दुसरा पर्यायच उरला नसेल तेव्हाच द्यावी, असे बजावले. गुन्हा किती क्रूर याबरोबरच गुन्हेगार कोण, त्याचे वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता हेही पाहावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही खुनासाठी फाशी किंवा जन्मठेप हे दोन्ही पर्याय कायम आहेत.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे?

नाही. जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य. महात्मा गांधी हत्या खटल्यातील दोषी गोपाळ गोडसे याने शिक्षेतील सूट धरून आपली मुदत संपल्याचा दावा केला होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि जन्मठेपेचा हाच अर्थ सांगितला.

मग १४ वर्षे आली कुठून? ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकार शिक्षेत सूट देऊन सोडू शकत नाही, अशी अट १९७८ मध्ये कायद्यात आली. ही किमान मर्यादा आहे. ती पूर्ण झाली की सुटका हा कैद्याचा हक्क ठरत नाही.

तरीही १४ वर्षे अपुरी आणि फाशी जास्त, अशी प्रकरणे येतातच. त्यासाठी २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत सूट न देता कारावास, ही ती वाट. २०१५ मध्ये घटनापीठानेही तिला मान्यता दिली.

फाशीला विरोध का होतो?

सर्वांत मोठे कारण म्हणजे चूक दुरुस्त करता येत नाही. महाराष्ट्रातीलच उदाहरण पाहा. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात घडलेल्या खून व बलात्कार प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही आरोपींना फाशीच योग्य ठरवली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. दरम्यान फाशी दिली गेली असती तर भरपाई घ्यायला कोणी उरले नसते.

दुसरे कारण विलंबाचे. बालकांच्या हत्यांमध्ये दोषी ठरलेल्या कोल्हापूरच्या गावित बहिणींची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. दयेचा अर्जही फेटाळला गेला. तरीही अंमलबजावणीत झालेल्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. कायदा आयोगानेही २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली होती.

समर्थकांचे म्हणणे काय?

काही गुन्हे इतके अमानुष असतात की त्यापुढे दुसरी कोणतीही शिक्षा तोकडी वाटते, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. जन्मठेपेचा कैदी उद्या सरकारी आदेशाने सुटेल, ही धास्ती पीडितांच्या नातेवाइकांना असते. साक्षीदार त्याच गावात राहत असेल तर ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. देशात शेवटची फाशी २० मार्च २०२० रोजी तिहारमध्ये निर्भया प्रकरणातील चौघांना झाली. राज्यात त्याआधी येरवड्यात २०१२ मध्ये कसाबला, तर नागपुरात २०१५ मध्ये याकूब मेमनला फासावर चढवण्यात आले.

मग गावाने मागावे काय?

वरच्या न्यायालयात फाशी टिकेल की नाही हे अनेक कसोट्यांवर ठरते. दोषसिद्धी मात्र टिकते ती पंचनामा, वैद्यकीय पुरावा आणि न घाबरता दिलेल्या साक्षीवर. खैरलांजीत साक्ष देणाऱ्या मायलेकींनाच जीव गमवावा लागला. त्यामुळे 'फाशी द्या' या मागणीआधी गावाने दोन मागण्या करायला हव्यात. पहिल्याच दिवसापासून योग्य कलमे लावून चोख तपास व्हावा आणि साक्षीदाराला संरक्षण मिळावे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर फाशी सोडाच, जन्मठेपही हातून निसटते.